तुरीची अक्षरं कोणी वाचली?



आपल्या वाशिम जिल्ह्यात सोयाबीनमधे तुरीचं तास नाही, असं शेत शोधावं लागेल. आपण तूर पेरली, सोंगली, भरडून डाळ केली. पण तुरीच्या पेशीत लिहिलेला मजकूर वाचला गेला तो थेट २०११ साली.

या मजकुरात चारच अक्षरं. ए, टी, जी, सी. तुरीत ती सुमारे ८३ कोटी वेळा ओळीनं येतात. यंत्रातून ती अखंड निघत नाहीत, तुकड्यातुकड्यांनी निघतात. ते जुळवायला संगणक लागतो, आणि संगणकाला काय करायचं ते पायरीपायरीनं लिहून द्यावं लागतं.

हा पाया घालणाऱ्यांत एक बाई होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. अमेरिकेतल्या मार्गारेट डेहॉफ. प्रथिनांचे तुकडे जुळवण्याचं काम त्यांनी १९६२ च्या सुमारास संगणकाकडून करून घेतलं. १९६५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ६५ प्रथिनांच्या माळा एका पुस्तकात छापल्या. प्रथिनांच्या घटकांची लांब नावं त्यांनी एकेका अक्षरावर आणली. ती अक्षरं आजही चालतात.

दोन माळा जुळवायच्या म्हणजे काय? आपल्या गटाची वही आणि बँकेचं पासबुक शेजारी ठेवा. वहीत एक नोंद राहून गेली, की तिथून खालचं सगळंच चुकल्यासारखं दिसतं. तिथं एक ओळ रिकामी सोडली की पुढचं सगळं जुळतं. संगणक हेच करतो. रिकामी ओळ कुठं सोडायची, हे शोधण्यातच सगळी हुशारी.

तूर वाचली ती दोन गटांनी. एक दिल्लीचा, नागेंद्र कुमार सिंह यांचा. दुसरा हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमधल्या राजीव वार्ष्णेय यांचा, परदेशी सहकाऱ्यांसह. दोघांनीही ‘आशा’ हे वाण घेतलं. एकाला सुमारे ४७ हजार जनुकं दिसली, दुसऱ्याला ४८,६८०. जनुक कुठं सुरू होतं हा संगणकाचा अंदाज असतो, म्हणून आकड्यांत फरक.

आशा वाण मर आणि वांझ रोगाला दाद देत नाही. (या ‘वांझ’ नावाचा आम्हाला रागच येतो. झाड आजारी, आणि शिवी बाईला.) पूर्वी नवं वाण मर सोसेल का, हे पाहायला रोगट जमिनीत पेरून झाड वाळण्याची वाट पाहावी लागे. रोग सोसणाऱ्या जनुकाची खूण माळेत सापडली, तर कोवळ्या पानावरूनच निवड करता येते. मरीनं उभं तास वाळलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना याची किंमत सांगायला नको.

पुणे विद्यापीठात या शास्त्राचं केंद्र १९८७ पासून आहे. तिथं डॉ. उर्मिला कुलकर्णी-काळे यांनी विषाणूंच्या जनुकमाळांवर काम केलं. आमच्या गटातल्या एकीची लेक बी.एस्सी. झाली, तिनं हेच शिकायचं म्हटलं. घरी मात्र स्थळं पाहणं सुरू झालं होतं. खर्चाचा प्रश्न खोटा नव्हता. पण तुरीची माळ सगळ्यांना फुकट खुली आहे, पायथॉन ही संगणकाची भाषाही फुकट. शेवटी वर्षभराची मुदत ठरली.

सध्या ती जुन्या लॅपटॉपवर शिकते. परवा तिनं तुरीचा एक तुकडा सोयाबीनच्या तुकड्याशी लावून आम्हाला दाखवला. बराच जुळला. मधेमधे रिकाम्या जागा होत्या.