दुखण्याचा निरोप

पेणजवळच्या रामवाडीच्या शिवारात भाताची लावणी चालली आहे अशी कल्पना करा. चिखलात पायाला काटा रुततो. ‘आई गं!’ म्हणायच्या आधीच पाय वर उचललेला असतो. हे कसे घडते? मज्जातंतू काट्याचा निरोप पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूकडे नेतात, आणि पाय उचलण्याचा हुकूम तिथूनच परस्पर सुटतो. दुखल्याची खबर मेंदूला लागते ती नंतर. गावाने आग आधी विझवावी आणि मग तालुक्याला कळवावे, तसाच हा कारभार.

हा निरोप इतका झटपट जातो, की त्याचा वेग मोजताच येणार नाही, असे पूर्वी मोठमोठे पंडित मानीत. १८५० साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून तो मोजला. वेग निघाला सेकंदाला सुमारे २५ ते ४० मीटर; म्हणजे धावत्या आगगाडीइतकाच! पुढे कळले, की आपल्या मिठातल्या सोडियमचेच विद्युत्‌भारित कण तंतूच्या आत शिरतात आणि त्यातून निरोपाची लाट पुढे सरकते.

पण हा निरोपच तुटला तर? कुष्ठरोगात नेमके हेच होते. त्याचा जंतू १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी शोधला. तो मज्जातंतूंच्या वेष्टनात घर करतो. मग तापलेल्या तव्याने हात पोळतो, पण कळत नाही. जखम चिघळते, बोटे झिजतात. कोपराजवळचा तंतू बिघडला, तर करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आखडते. लोक मात्र याला पूर्वजन्मीचे पाप म्हणत राहिले. जंतू सापडल्यावरही, १८९८ च्या कायद्याने निराधार रोग्यांना वेगळे कोंडण्याची सोय केली. तो कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले!

याच काळात दुसऱ्या वाटेने जाणारेही होते. आपल्याच जिल्ह्यात, पनवेलजवळ नेरे येथे ‘शांतिवन’ उभे राहिले. मुंबईचे शल्यविशारद डॉ. नोशीर अंटिया यांनी कुष्ठरोग्यांचे आखडलेले हात शस्त्रक्रियेने कामाला लावले. पुढे याच अंटियांनी मांडव्याच्या परिसरात गावच्याच बायकांना आरोग्याचे काम शिकवले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली, आणि रोग पुरता बरा होऊ लागला.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. औषध जंतूला मारते. पण पुरता मेलेला तंतू सहसा परत जागा होत नाही. म्हणून वेळ महत्त्वाची. गुरुजी, एखाद्या मुलाच्या अंगावर फिकट चट्टा दिसला, तर चारचौघांत बोलू नका. घरच्यांना बाजूला घेऊन सांगा, की मुलाला डोळे मिटायला लावून चट्ट्यावर कापूस हलकेच टेकवून पाहा. कळला नाही, तर सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. तिथे औषध फुकट मिळते. आणि कळला तरी चट्टा एकदा दाखवलेला बरा. जो चट्टा दुखत नाही, त्याचा निरोप आपणच पोचवायचा असतो.