वसईची चर्चे आणि वाडीतील घरे

वसईच्या किल्ल्याचे नाव निघाले की आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे प्रथम चिमाजी अप्पांचा विजय उभा राहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु किल्ल्यातील भग्न चर्चे व किल्ल्याबाहेरील वाड्यांतील जुनी घरे यांचाही एक इतिहास आहे. तो आपल्या तरुण पिढीस ठाऊक असावा, या हेतूने आम्ही हा अल्पसा लेख ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहो.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तहान्वये वसई व भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांस दिला. पुढे दोन शतकांहून अधिक काळ त्यांच्या उत्तरेकडील प्रांताचे हे मुख्य ठाणे होते. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन व ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या पंथांनी तटाच्या आत आपापली चर्चे व मठ उभारले. संत जोसेफ यांच्या चर्चचा उंच मनोरा आजही दुरून दिसतो. त्याच्या दारावरील लेखात १६०१ हे साल आहे. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये तर जमिनीवर थडग्यांचे कोरीव दगड अंथरलेले आहेत. वसईच्या दगडाची कीर्ती एवढी, की गोव्यातील बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागासाठी तो समुद्रमार्गे नेण्यात आला. ज्या हातांनी हा दगड घडविला, ते हात याच भूमीतील होते, याचा विसर पडू नये. येथेच जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकी येथे क्रुसावर मारले गेले. १८६२ मध्ये त्यांस संतपद मिळाले.

या वैभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या अमदानीत देवळे पाडली गेली, धर्मांतरे झाली, आणि ती सर्वच राजीखुशीची नव्हती. एकाच कुळातील एक शाखा बाटली, दुसरी राहिली, असेही घडले. १७३९ च्या मे महिन्यात किल्ला मराठ्यांच्या हाती आला. चर्चांच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देवस्थानांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील प्रसिद्ध घंटेवर १७२१ हे साल आहे, आणि भीमाशंकर व मेणवली येथेही अशा घंटा आहेत. तथापि शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेस आपला धर्म पाळण्याची मोकळीक होती. जेत्यांचे हे औदार्य विजयाइतकेच स्मरणीय होय. पुढे १७८० मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्ड याने किल्ल्यावर तोफा डागल्या. नंतर वस्ती उठली, छपरे गेली आणि उरल्या त्या भिंती.

आता घरांकडे वळू. किल्ल्यातील दगडी इमारती राज्यकर्त्यांच्या. वाडीतील घरे मात्र आपली. उंच जोते, पुढे पडवी व ओटी, ओटीवर झोपाळा, आत काळोखे परंतु थंडगार माजघर, मागे स्वयंपाकघर, वर भात ठेवण्याचा माळा. सागवानी खांब आणि उतरते कौलारू छप्पर, म्हणजे आषाढातील धो धो पाऊस भिंतींना न भिडता अंगणाबाहेर पडावा. जुनी कौले नळीची होती. १८६५ मध्ये मंगळूर येथे बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढल्यानंतर मंगलोरी कौले किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. मागे विहीर, तिच्यावर रहाट, आणि पाटाच्या पाण्यावर केळी व पानवेली.

आता वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. वाडवळ हिंदूचे जुने घर व वाडवळ ख्रिस्ती शेजाऱ्याचे जुने घर शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर तीच ओटी, तेच माजघर, तोच रहाट आढळतो. फरक अंगणात: एकाकडे तुळशीवृंदावन, दुसऱ्याकडे क्रूस. धर्म बदलला, पण घर बदलले नाही आणि बोलीही बदलली नाही. ख्रिस्ती समाजातील फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हे आपणा सर्वांस भूषणावह आहे. जुन्या जखमा दाखवून शेजाऱ्यास परका ठरविणाऱ्यांनी ही दोन अंगणे एकदा पाहावीत.

किल्ल्यास सरकारी पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे. वाडीतील घरास कोणाचेच नाही. भावांच्या वाटण्या होतात, जागेस भाव येतो, आणि पिढ्यान् पिढ्या नांदलेले घर चार दिवसांत जमीनदोस्त होते. घर पाडणाऱ्यास आम्ही दोष देत नाही. गळके छप्पर शाकारणे सोपे नाही आणि मुलाबाळांस जागा हवीच. आमचे मागणे एवढेच, की पाडण्यापूर्वी घराची मापे घ्यावीत, नकाशा काढावा, छायाचित्रे घ्यावीत आणि वडीलधाऱ्यांकडून प्रत्येक दालनाचे नाव आपल्या बोलीत लिहून घ्यावे. जुने दस्तऐवज रद्दीत घालू नयेत. हे सर्व आपल्या संस्थेच्या कार्यालयात जमा झाल्यास पुढील स्मरणिकांना उत्तम सामग्री मिळेल. ख्रिस्ती बंधूंच्या घरांचीही अशीच नोंद त्यांच्या संमतीने व्हावी, कारण तोही आपल्याच कुळांचा इतिहास आहे.

पडक्या चर्चच्या भिंती आणखी कित्येक पावसाळे काढतील. आपली घरे मात्र तेवढी वाट पाहणार नाहीत.