हरवलेल्या एका ओळीची गोष्ट: इजिप्त, क्वालालंपूर, लंडन

नामस्मरण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तुळशीची माळ येते, वारी येते, देवघरासमोर पुटपुटणारी आजी येते. ख्रिस्ती परंपरेतही अशीच एक फार जुनी सवय होती. युरोपात ती साध्या माणसाच्या हातून कधी निसटली, कळलंही नाही. आणि एका आयरिश माणसाला ती सापडली कुठे, तर क्वालालंपूरमध्ये, एका हिंदू स्वामींकडे.

पण आधी इजिप्तला जाऊया. चौथ्या शतकाचा शेवट. जॉन कॅसियन आणि त्याचा मित्र जर्मेनस वाळवंटातल्या तपस्व्यांना भेटत फिरतायत. कॅसियन पुढे फ्रान्समधल्या मार्सेला स्थायिक झाला आणि तिथे त्याने हे संवाद लॅटिनमध्ये लिहून काढले. त्यातला दहावा संवाद मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात एक म्हातारा रडतो.

त्याचं नाव सेरापियन. आयुष्यभर तो देवाला माणसाच्या रूपात डोळ्यांसमोर आणून प्रार्थना करत आला. मग विद्वान मंडळींनी त्याला समजावलं की देवाला रूप नाही. त्याला पटलंसुद्धा. पण नंतर सगळे प्रार्थनेला बसले, तर समोर काहीच येईना. तो जमिनीवर कोसळून हुंदके द्यायला लागला: माझा देव यांनी नेला हो, आता मी कुणाला धरू?

जर्मेनस हे बघून हादरतो आणि अब्बा आयझॅकला आपलीच अडचण सांगतो. मन एका स्तोत्रावरून दुसऱ्यावर उडत राहतं, कशावर टिकत नाही. (रात्री रील्स बघताना आपलं होतं, अगदी तेच!) आयझॅकचं उत्तर साधं आहे: एकच ओळ धर. स्तोत्रसंहितेतल्या ७०व्या स्तोत्राची पहिली ओळ, म्हणजे 'देवा, धावून ये' अशा अर्थाची हाक. भूक लागली तरी तीच, झोप येत नसेल तरी तीच, राग आला तरी तीच. काम करताना, प्रवासात, झोपताना, उठताना. सेरापियनकडून मूर्ती गेली होती, तिच्या जागी आयझॅक एक ओळ ठेवतोय, असं मी तरी हे वाचतो.

आता गंमत बघा. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी नियमावली लिहिली, तेव्हा ही ओळ त्याने तासातासाच्या प्रार्थनांच्या सुरुवातीला घातली. आठवड्याच्या स्वयंपाकाची पाळी सुरू करणाऱ्यांनीसुद्धा ती तीनदा म्हणायची! म्हणजे शब्द शेकडो वर्षं रोज तोंडात राहिले. सवय मात्र त्यांच्याखालून सरकून गेली.

उडी थेट १९५०च्या दशकात. जॉन मेन हा तरुण कायदेपंडित ब्रिटिश नोकरीत मलायाला होता. सरकारी कामासाठी तो स्वामी सत्यानंदांना भेटला. स्वामी क्वालालंपूरमध्ये अनाथाश्रम आणि शाळा चालवायचे. काम उरकल्यावर गोष्ट प्रार्थनेवर आली. मेनने विचारलं, मी ख्रिस्ती आहे, मला शिकवाल? स्वामींनी धर्म बदलायला सांगितलं नाही. तुझ्याच परंपरेतला एक शब्द घे, म्हणाले, आणि सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास बस.

मेन बसायला लागला. मग १९५९मध्ये लंडनच्या ईलिंग मठात तो बेनेडिक्टाइन संन्यासी व्हायला गेला, आणि तिथल्या गुरूंनी सांगितलं, हे सोड, ही ख्रिस्ती पद्धत नाही. त्याने सोडलं! आज्ञापालनाचं व्रत घ्यायला आलेला माणूस, दुसरं काय करणार? पण मला हे वाचताना अस्वस्थ व्हायला होतं. ज्या मठात ७०व्या स्तोत्राची ती ओळ रोज म्हटली जायची, तिथेच त्याला ती सवय परकी म्हणून टाकावी लागली.

दहाएक वर्षं गेली. १९७०च्या सुमारास तो वॉशिंग्टनमध्ये मठाच्या शाळेचा मुख्याध्यापक होता. एक तरुण ख्रिस्ती गूढवादाबद्दल विचारायला आला, त्याला द्यायला म्हणून मेनने जुनी पुस्तकं काढली, आणि त्या वाटेने तो पोचला कॅसियनच्या दहाव्या संवादापाशी. स्वामींनी सांगितलेलं सगळं तिथे होतं, पंधराशे वर्षांपूर्वीचं.

तो पुन्हा बसायला लागला. १९७५मध्ये ईलिंगलाच त्याने संन्यासी नसलेल्या, नोकरी-संसारातल्या लोकांसाठी ध्यानाचं केंद्र सुरू केलं. शब्द सुचवला 'मारानाथा', म्हणजे 'ये प्रभो'. हा अरामी शब्द पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात शेवटी येतो. पाठ ताठ ठेवून बसायचं, डोळे मिटायचे, मा-रा-ना-था असं चार सारख्या ठोक्यांत मनात म्हणत राहायचं. वीस ते तीस मिनिटं, दिवसातून दोनदा. आज छान झालं की वाईट झालं, हे मोजत बसायचं नाही. (स्ट्रीक दाखवणाऱ्या ॲपवाल्यांना हे फारसं आवडणार नाही.)

१९७७मध्ये मेन मॉन्ट्रियलला गेला आणि १९८२मध्ये तिथेच वारला. शिष्य लॉरेन्स फ्रीमनने काम पुढे नेलं.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये मात्र 'येशू प्रार्थना' या नावाने अशीच एक सवय कधी तुटलीच नव्हती. तिची गोष्ट पुढच्या भागात.