‘बोर्ड’ : एका फळीचा प्रवास

इंग्रजी भाषेतील ‘बोर्ड’ या शब्दाचा मूळ अर्थ नुसता ‘फळी’. मध्ययुगीन इंग्लंडात सरदारांच्या वाड्यांतही जेवणाचे मेज म्हणजे लाकडी घोड्यांवर टाकलेल्या लांब फळ्या असत. जेवणे आटोपली की त्या उचलून ठेवीत. साहजिकच ज्या फळीवर जेवायचे तिचेच नाव पुढे जेवणाला मिळाले, आणि पैसे देऊन परक्या घरी जेवणारा माणूस ‘बोर्डर’ ठरला. महाराष्ट्रातही जेवणाच्या तयारीला ‘पाटपाणी’ म्हणतात. फरक इतकाच, की मराठी माणूस फळीवर बसतो आणि इंग्रज फळीवर जेवतो.

त्याच मेजाभोवती माणसे कारभाराच्या खलबतासाठी बसू लागली, तेव्हा त्या मंडळालाही ‘बोर्ड’ हेच नाव पडले. जुगाऱ्यांनीही या शब्दात भर घातली. हात मेजाच्या वर, सर्वांना दिसतील असे ठेवणारा गडी सचोटीचा. म्हणून उघड, निष्कपट व्यवहार तो ‘अबव्ह बोर्ड’. खलाशांचा ‘बोर्ड’ म्हणजे मात्र जहाजाची बाजू. हा मुळात निराळा शब्द असून मागाहून फळीच्या शब्दात मिसळला, असे अनेक भाषापंडित मानतात. सुकाणूचे वल्हे उजवीकडे असे, म्हणून ती बाजू ‘स्टारबोर्ड’ आणि डावी ‘लारबोर्ड’. वादळाच्या गर्जनेत हे दोन उच्चार सारखेच ऐकू येत, आणि तेथे ऐकण्यातली चूक म्हणजे प्राणाशी गाठ. अखेर १८४४ मध्ये ब्रिटिश आरमाराने ‘लारबोर्ड’ला रजा देऊन ‘पोर्ट’ हा शब्द सक्तीचा केला.

हिंदुस्थानच्या राज्यकारभाराशी या शब्दाची गाठ पडली ती १७८४ मध्ये. पिटच्या कायद्याने लंडनमध्ये ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ नेमले गेले आणि १८५८ पर्यंत त्याने कंपनी सरकारच्या कारभारावर देखरेख केली. मुंबईस १८४० मध्ये ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ आले. त्या मेजाभोवती झालेला वाद आजही जुना वाटत नाही. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल उच्च शिक्षण इंग्रजीतून देण्याकडे, तर जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूचे. पुढे लोकल बोर्डे आली; १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन होईपर्यंत खेड्यातली शाळा ही ‘बोर्डाची शाळा’च होती.

पण मराठी मुलखात या शब्दाला खरी माया लाभली ती ‘बोर्डिंग’ या रूपात. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांचे बोर्डिंग निघाले आणि मागोमाग इतर समाजांचीही निघाली. ती बहुतांशी जातवार होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण खेड्यातल्या मुलाला शहरात दोन वेळचे जेवण मिळाल्याखेरीज शाळेची पायरी चढताच येत नव्हती. साताऱ्यास १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी बोर्डिंग काढले, तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहिली आणि एका पंगतीस जेवली. पंगतीत कोण कोणाशेजारी बसतो यावर माणसाची प्रतिष्ठा ठरण्याचा तो काळ. पैशाची ओढगस्त तर रोजचीच. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या अन्नासाठी एकेक दागिना मोडला आणि शेवटी गळ्यातले मंगळसूत्रही काढून दिले.