शिखराच्या चार पावले अलीकडे

कळसूबाई हे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचे शिखर. उंची १,६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच दुसरे नाही. अकोले आणि इगतपुरी या तालुक्यांच्या, म्हणजे दोन जिल्ह्यांच्या शिवेवर ते उभे आहे. माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ आहे. तेथे चढून जाणारा गावकरी काही जिंकावयास जात नाही, तो दर्शनास जातो. राहात्याच्या सपाट रानात, पेरूच्या बागांत वाढलेल्या आपणां मंडळींना हिमशिखराची कथा परकी वाटण्याचा संभव आहे. म्हणून आरंभी या घरच्या शिखराचे स्मरण केले.

कांचनजंगा हेही असेच शिवेवरचे दैवत. एका अंगास नेपाळ, दुसऱ्या अंगास सिक्कीम. उंची ८,५८६ मीटर; जगात तिसरा क्रमांक. नावाचा अर्थ ‘महाहिमाची पाच भांडारे’. सिक्कीमचे लोक या पर्वतास आपला रक्षणकर्ता मानतात आणि पांग ल्हाबसोल या उत्सवात त्याची पूजा करतात. एके काळी हेच जगातील सर्वोच्च शिखर समजले जाई. १८५२ साली भारतीय सर्वेक्षण खात्याच्या गणिताने तो मान एव्हरेस्टकडे गेला.

अशा पर्वताची चढण म्हणजे नुसती उंची नव्हे. तेथील बर्फ स्थिर नसते, ते वाहते. वर्षानुवर्षे साचलेला हिमाचा थर दाबाने घट्ट होतो आणि स्वतःच्याच भाराने उताराकडे सरकू लागतो. खालचा खडक उंचसखल असला की त्यास खोल भेगा पडतात, आणि नव्या हिमाने त्या झाकल्या जातात. वरून जमीन सलग दिसते, पण पाऊल टाकले की खाली पोकळी! म्हणून गिर्यारोहक एका दोराने परस्परांस बांधून घेतात. शिखराजवळ हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक-तृतीयांश उरतो. माणूस दोन पावले टाकतो आणि श्वासासाठी थांबतो.

कांचनजंगेचा इतिहास अपयशांनीच सुरू झाला. १९०५ साली नेपाळच्या बाजूने गेलेल्या तुकडीतील चौघे हिमलोटात गेले. १९२९ आणि १९३१ साली पॉल बावर यांच्या जर्मन तुकड्या सिक्कीमच्या बाजूने चढल्या व दोन्ही वेळां परतल्या.

पुढे १९५५ साली चार्ल्स इव्हान्स यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश तुकडी आली. हे इव्हान्स कोण? १९५३ साली तेनसिंग व हिलरी एव्हरेस्टवर पोचले, त्याच्या तीनच दिवस आधी इव्हान्स आणि त्यांचे सोबती एव्हरेस्टच्या दक्षिण शिखरापर्यंत गेले होते. मुख्य शिखर समोर दिसत होते. परंतु प्राणवायू आणि वेळ यांचा हिशेब जुळेना, आणि ते मागे फिरले. परतण्याचे मोल जाणणारा हा माणूस होता.

शिखरावर माणसाचे पाऊल पडू नये, अशी सिक्कीमची भावना होती. इव्हान्स यांनी माथ्याच्या अलीकडेच थांबण्याचे वचन दिले. २५ मे १९५५ रोजी जो ब्राऊन आणि जॉर्ज बँड शेवटचा अवघड कडा चढून गेले. माथा अगदी हाताशी होता. तेथे पाहावयास दुसरे कोणी नव्हते. तरीही ते थांबले! दुसऱ्या दिवशी आणखी दोघे आले, तेही थांबले.

सिक्कीमच्या बाजूची ती जुनी धार १९७७ साली कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखालील भारतीय सेनेच्या तुकडीने सर केली. पुढे सिक्कीम सरकारने पवित्र शिखर म्हणून आपल्या बाजूची चढाई बंद केली. त्यामुळे पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेची मोहीम नेपाळमधून गेली. १९८२ साली सह्याद्रीच्या कड्यांवर भटकणाऱ्यांनी काढलेली ही संस्था. उमेश झिरपे तिचे नेते. १५ मे २०१९ रोजी तिचे दहा गिर्यारोहक कांचनजंगेवर पोचले. मराठी माणसाच्या दृष्टीने हा अभिमानाचा दिवस खरा. परंतु त्याच सुमारास, त्याच पर्वतावर बंगालचे दोन गिर्यारोहक प्राणांस मुकले, हेही त्याच पानावर लिहिले पाहिजे.

वृत्तपत्रे अशा वेळी ‘शिखर जिंकले’ असे लिहितात. वस्तुतः पर्वत कोणाकडून जिंकला जात नाही. हवामान दोन दिवस उघडते, तो वाट देतो, आणि माणूस वर जाऊन खाली येतो. खाली येणे हा मोहिमेचा निम्मा भाग होय. त्या खडकावर १९५५ साली दोन तरुणांनी जे केले, त्यासाठी तर बळाहून अधिक काही लागले. हाती आलेली वस्तू दुसऱ्याच्या श्रद्धेखातर त्यांनी सोडून दिली.

बांधावरून भाऊबंदकी करणाऱ्या आम्हां शेतकऱ्यांस ही गोष्ट कळावयास अवघड नाही. शीव ज्याची त्याची असते, तशी ती दोघांचीही असते. कळसूबाईच्या माथ्यावर उभे राहून दोन्ही जिल्ह्यांची गावे पाहणाऱ्यास हे कोणी निराळे सांगावयास नको.