हद्दपारांचं गाव

ऑनसाइटला म्हणून काही महिने बॉस्टनमध्ये होतो तेव्हाची गोष्ट. विकांताला बाकीची मंडळी आउटलेट मॉलकडे पळायची आणि मी आपला कॅमेरा गळ्यात अडकवून गावात भटकायचो. तिथल्या स्टेट हाऊसच्या आवारात बाकावर शांत बसलेल्या एका बाईचा पुतळा आहे. मेरी डायर. याच बॉस्टनमध्ये १ जून १६६० रोजी तिला फाशी दिलं. गुन्हा काय, तर ती क्वेकर पंथाची होती आणि हद्दपार केलं तरी पुन्हापुन्हा परत यायची.

मी चक्रावलोच. आपल्या डोक्यातलं चित्र कसं असतं? इंग्लंडमध्ये धर्मापायी छळ झाला म्हणून लोक जहाजात बसून निघाले आणि पलीकडे जाऊन मोकळा श्वास घेतला. मग हिला फाशी कुणी दिली? त्याच लोकांनी.

झालं, पुढचे बरेच विकांत या भानगडीत गेले.

१६२० साली 'मेफ्लॉवर'मधून आलेले १०२ जण सगळ्यांना माहीत असतात. त्यातले निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले. पण खरा मोठा लोंढा आला तो १६३० मध्ये, जॉन विन्थ्रॉपबरोबर. हे प्युरिटन. इंग्लंडचं चर्च सोडायचं नाही, ते शुद्ध करायचं, असं म्हणणारे. कागदोपत्री ही होती एक व्यापारी कंपनी आणि तिच्या सनदेत एक गंमत होती. कंपनीच्या सभा कुठे भरवायच्या हे तिच्यात लिहिलेलंच नव्हतं! म्हणजे स्पेकमधली ओळ राहून गेली. या लोकांनी सनदच उचलून बरोबर नेली आणि कंपनीचं सरकार करून टाकलं. पुढच्याच वर्षी नियम आला की मत देण्याचा अधिकार फक्त चर्चच्या सभासदांना. त्यांना स्वातंत्र्य हवं होतं यात खोटं काही नाही. फक्त ते स्वतःच्या पद्धतीने देवाला भजण्याचं होतं. इतरांच्या पद्धतीचा प्रश्न त्यांच्या लेखी उद्भवतच नव्हता.

या मंडळींत १६३१ मध्ये रॉजर विल्यम्स नावाचा तरुण पाद्री येऊन दाखल झाला. विद्वान, गोड स्वभावाचा, आणि डोक्याला ताप. बॉस्टनच्या चर्चने मानाने बोलावलं तर म्हणाला, तुम्ही अजून इंग्लंडच्या चर्चशी नातं तोडलेलं नाही, मी येणार नाही. राजाची सनद दाखवली तर म्हणाला, जमीन इथल्या मूळ लोकांची, राजा ती देणारा कोण? आणि तिसरं सगळ्यात जिव्हारी लागणारं. दहा आज्ञांपैकी पहिल्या चार देव आणि माणूस यांच्यातल्या आहेत, त्या मोडल्या म्हणून सरकारने शिक्षा करू नये.

इथे माझी एक समजूत पार कोलमडली. मला वाटलं होतं, हा कोणी उदारमतवादी असणार. छे! हा प्युरिटनांपेक्षाही सोवळा. एक वेळ अशी आली की याला प्रार्थनेला स्वतःच्या बायकोशिवाय कुणीच चालेना. पण त्या सोवळ्यातूनच त्याचा निष्कर्ष निघतो. मनात श्रद्धा नसताना दंडुक्याच्या धाकाने केलेली प्रार्थना म्हणजे देवाचा अपमान. तेव्हा सरकारने या खोलीत पाऊलच टाकू नये.

ऑक्टोबर १६३५ मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. (ती मॅसॅच्युसेट्सने रद्द केली १९३६ मध्ये. आपल्याकडच्या कोर्टांना उगाच नावं ठेवतात लोक.) आजारी होता म्हणून वसंतापर्यंत मुदत मिळाली, पण गडी घरात माणसं जमवून बोलायचा तो बोलतच राहिला. मग त्याला जहाजात घालून इंग्लंडला पाठवायचं ठरलं. ही बातमी गुपचूप कुणी कळवली असेल? खुद्द विन्थ्रॉपने! पकडायला लोक आले तेव्हा विल्यम्स तीन दिवसांपूर्वीच बर्फात चालू पडला होता. तो हिवाळा त्याने इंडियनांच्या आसऱ्याने काढला. नॅरागॅन्सेट टोळीचे प्रमुख कॅनोनिकस आणि मिअँटोनोमी यांनी त्याला जमीन दिली आणि १६३६ मध्ये तिथे प्रॉव्हिडन्स गाव वसलं. गावकऱ्यांच्या करारात बहुमताचा निर्णय पाळायचं ठरलं, पण फक्त ऐहिक बाबतीत.

दोनच वर्षांत या करारावर पहिली केस आली, आणि मला सगळ्या इतिहासात हीच सर्वात जास्त आवडते. विल्यम्सचा शेजारी जोशुआ व्हेरिन. त्याची बायको जेन विल्यम्सच्या घरच्या प्रार्थनेला जायची, हा जाऊ देत नसे. मारायचा. गावसभेत वाद पेटला. एकजण म्हणाला, मी सही केली ती नवऱ्याच्या आज्ञेत राहण्याचा देवाचा नियम मोडायला नव्हे. दुसरा म्हणाला, बायकांना अडवलं तर देशभरच्या बायका ओरड करतील. शेवटी मे १६३८ मध्ये व्हेरिनचा मतदानाचा हक्क काढून घेतला. कारण बायकोच्या सदसद्विवेकाला बांध घातला! १६३८ साली! पण यापुढची ओळ वाचून गप्प बसलो. व्हेरिन सेलमला परत गेला. विल्यम्सने विन्थ्रॉपला लिहिलं की हा बायकोला दोरीने ओढून नेईल. गावाने नवऱ्याचं मत काढून घेतलं, पण जेनला कुणी थांबवून घेऊ शकलं नाही.

त्याच वर्षी बॉस्टनने अ‍ॅन हचिन्सनला बाहेर काढलं. तिच्याबरोबर उठून गेलेल्यांत मेरी डायर होती. त्यांनीही याच भागात वस्ती केली, आणि ऱ्होड आयलंड हळूहळू शेजाऱ्यांच्या नकोशा माणसांनी भरत गेलं. १६५७ मध्ये शेजारच्या वसाहतींनी दटावलं, क्वेकरांना हाकला. उत्तर झकास होतं. आमच्याकडे त्यांना कुणी छळत नाही, नुसता वाद घालतात, म्हणून इथे यायला ते फारसे उत्सुकच नसतात!

वाद म्हणजे किती? विल्यम्सला क्वेकर अजिबात सहन व्हायचे नाहीत. १६७२ मध्ये सत्तरीला टेकलेला हा म्हातारा वादासाठी १४ मुद्दे घेऊन, होडी वल्हवत प्रॉव्हिडन्सहून न्यूपोर्टला गेला. तीसएक मैल. तिथे तीन दिवस आणि मग प्रॉव्हिडन्सला एक दिवस भांडला. कुणाचंही मत बदललं नाही. घरी येऊन त्यांच्याविरुद्ध जाडजूड पुस्तक लिहिलं. बंदी घाला असं मात्र म्हणाला नाही.

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण पुढे १६७५ चं युद्ध आहे. डिसेंबरात मॅसॅच्युसेट्स, प्लिमथ आणि कनेक्टिकटच्या फौजांनी दलदलीतल्या गढीत नॅरागॅन्सेटांची शेकडो माणसं मारली, बायकापोरांसकट. मार्च १६७६ मध्ये चिडलेल्या टोळ्यांनी प्रॉव्हिडन्स जाळलं. त्या उन्हाळ्यात गावाने पकडलेले इंडियन ठरावीक वर्षांच्या चाकरीसाठी विकायला काढले. विक्रीचं काम बघायला जी समिती नेमली, तिच्यात जमीन यांची आहे म्हणून हद्दपार झालेला रॉजर विल्यम्स होता.