किर्लोस्करांचा लोखंडी नांगर
लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावात ओतीव लोखंडाचा, म्हणजे वितळलेला रस साच्यात ओतून घडवलेल्या धातूचा, नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढते या समजुतीपायी शेतकरी त्याकडे फिरकत नव्हते; तरीही त्यांनी माघार घेतली नाही, यातच त्यांच्या कर्तृत्वाचे खरे मोल आहे. जमीन नुसती ओरखडणाऱ्या लाकडी नांगरापेक्षा माती उलथवणारा हा नांगर सरस असल्याचे पटण्यास काळ जावा लागला. १९१० मध्ये औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या पाठबळाने कुंडल रोड स्थानकालगतच्या माळरानावर त्यांच्या कारखान्याची वसाहत, किर्लोस्करवाडी, वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी नांगरांसाठी जुन्या तोफा दिल्या.